वाचकांचे प्रश्न: आपल्या चिपळूणच्या डॉ. काशिनाथ घाणेकरांबद्दल

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की १४ सप्टेंबर हा नाटक-सिनेमातले नट डॉ. काशिनाथ घाणेकरांचा वाढदिवस, १९३० साली ते आपल्या चिपळूणात जन्मले आणि आज चिपळूणातल्या शाळकरी पोरांना ते नावसुद्धा माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. एवढंच. त्याच्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत लोकांनी लिहिलंय, कोणी कौतुकाने, कोणी रागाने. म्हणून यावेळी सगळी पानं घाणेकरांनाच. आंब्याच्या मोहराबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: ताई, मी खेडची, एफवायला आहे. मी 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' पिक्चर बघितला आणि वेडीच झाले. पण ते खरंच डॉक्टर होते का? आणि पिक्चरमधलं सगळं खरं आहे का?

हो गं, खरेखुरे डॉक्टर, दातांचे. मुंबईला जाऊन डेंटिस्ट झाले, आणि नाव एवढं मोठं झाल्यावरसुद्धा जाहिरातीत, पाटीवर कायम 'डॉ.' लागायचंच. आमच्या घरात तर नुसतं 'डॉक्टरांचं नाटक' म्हटलं की कळायचं.

पिक्चर २०१८ च्या दिवाळीत आला, अभिजित देशपांडे दिग्दर्शक, सुबोध भावे घाणेकर झाले, सोनाली कुलकर्णी सुलोचनादीदी, वैदेही परशुरामी बायको कांचनताई, प्रसाद ओक नट-निर्माते प्रभाकर पणशीकर आणि सुमीत राघवन नट डॉ. श्रीराम लागू. मला स्वतःला आवडला, रडले पण. पण तो सिनेमा आहे बाळा, दोन-अडीच तासात आख्खा माणूस बसवायचा म्हणजे काही गोष्टी ठळक होतात, काही गळून जातात. माणूस जवळून बघायचा असेल तर कांचन घाणेकर यांचं 'नाथ हा माझा' वाच. बायकोने लिहिलंय, पण नवऱ्याची नुसती आरती ओवाळलेली नाही, त्याचं व्यसन, राग, लहरी, सगळं त्यात आहे. आधी पुस्तक आणि मग परत पिक्चर बघ, तुला वेगळाच दिसेल.

प्रश्न: गुहागरहून एक काका लिहितात: सुपरस्टार सुपरस्टार म्हणतात, पण सिनेमे बघायला गेलं तर मोजके. मग एवढं काय होतं त्या माणसात? आम्ही राजेश खन्ना बघितलेली माणसं.

काका, मलाही हा प्रश्न तरुणपणी पडायचा. तुम्ही राजेश खन्ना पडद्यावर बघितलात. घाणेकर लोकांनी समोर बघितले, पाचव्या रांगेतून, घाम दिसेल इतक्या जवळून. तो माणूस नाटकाचा स्टार होता. आणि नाटकाचा स्टार म्हणजे काय हे आजच्या हिशोबात समजत नाही कारण आता नाटकाला लोक सिरियलमधला चेहरा बघायला जातात, तेव्हा उलटं होतं, नाटकातला चेहराच मोठा होता.

१९६२ मध्ये वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं, धी गोवा हिंदू असोसिएशनने केलं. ऐतिहासिक नाटक म्हटलं की तोवर लोकांच्या डोळ्यासमोर तलवारी, मुजरे आणि लांबलचक भाषणं यायची. कानेटकरांनी काय केलं, तर रायगडावरचं घर दाखवलं. बाप आणि मुलगा. बाप एवढा मोठा की मुलाला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि मुलगा एवढा दुखावलेला की बापाला त्याला जवळ घेता येत नाही. त्यातला संभाजी म्हणजे घाणेकर. देखणा, तापट आणि आतून रडवेला. आपल्याकडे प्रत्येक घरात एक असा मुलगा असतोच की काका, जो बापाशी बोलत नाही आणि बापाशिवाय जगू पण शकत नाही. म्हणून ते नाटक चाललं असं मला वाटतं, आणि म्हणून तो संभाजी लोकांच्या मनात बसला.

मग १९६६ ला 'अश्रूंची झाली फुले'. परत कानेटकर, संस्था पणशीकरांची नाट्यसंपदा. प्रोफेसर विद्यानंद म्हणजे पणशीकर, तत्त्वाला जागणारा मास्तर, आणि त्याच्यासमोर कॉलेजातला वाया गेलेला पोरगा, लाल्या, म्हणजे घाणेकर. खरं तर नाटक प्रोफेसरचं. पण लोक यायचे लाल्यासाठी. टाळ्या तर असायच्याच, शिट्ट्या पडायच्या, मराठी नाटकाला शिट्ट्या! याच नाटकावरून हिंदीत १९६९ ला 'आँसू बन गये फूल' निघाला, अशोककुमार प्रोफेसर आणि देब मुखर्जी लाल्याच्या जागी, कानेटकरांना त्याच्या कथेसाठी फिल्मफेअर मिळालं.

माझे वडील परळला गिरणीत होते. खोलीत बारा-पंधरा माणसं, पाळीपाळीने झोपायची, पगारातला मोठा हिस्सा मनीऑर्डरने गावी. आणि त्यातून चार पैसे वाचवून हा माणूस शिवाजी मंदिरला सगळ्यात स्वस्तातल्या तिकिटावर लाल्या बघायला जायचा. गणपतीला घरी आले की दुसऱ्या रात्री आरती-बिरती उरकली, की पडवीत वाडीतली सगळी जमायची आणि बाबा लाल्या करून दाखवायचे. शर्टाची वरची दोन बटणं सोडायची, केस कपाळावर घ्यायचे आणि 'एकदम कडक' म्हणत खांबाला टेकायचं. एरवी माझे बाबा घरात चार शब्द बोलत नसत. आई माजघराच्या दारातून बघत असायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. घाणेकर कोण ते मला माहीत नव्हतं, पण तो जो कोण आहे तो आमच्या बाबांना असं बोलतं करतो, एवढं कळलं होतं. एवढी ताकद होती त्या माणसात, काका.

आणि ते 'आणि'. नाटकाच्या जाहिरातीत सगळ्या नटांची नावं यायची आणि शेवटी एकटंच, वेगळं, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. नाव पहिलं लावायची भांडणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. यांचं नाव शेवटी यायचं आणि त्या एका 'आणि'साठी हाउसफुल्लचा बोर्ड लागायचा.

प्रश्न: देवरुखच्या एक काकू: तुम्ही त्यांचं एवढं कौतुक करता, पण पहिली बायको असताना दुसरीत गुंतलेला, दारू पिणारा माणूस, मुलांपुढे याचा काय आदर्श ठेवायचा? मला तुमचं आवडलं नाही.

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि राग समजला. खोटं काहीच लिहिलं नाहीत तुम्ही. पहिलं लग्न डॉ. इरावती भिडे यांच्याशी, त्या पण डॉक्टर, ते लग्न टिकलं नाही. मग कांचन, सुलोचनादीदींची मुलगी, वयाने खूपच लहान. आणि सुलोचनादीदी १९२८ च्या, घाणेकर १९३० चे, म्हणजे सासू जावयापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. त्याच्यावर कडी म्हणजे १९६८ च्या 'एकटी' सिनेमात दीदी आई आणि घाणेकर मुलगा. 'लिंबलोण उतरू कशी असशी दूर लांब तू' हे सुमन कल्याणपूरांचं गाणं त्यातलंच. पडद्यावर ज्याच्यावरून लिंबलोण उतरायचं तोच पुढे जावई होतो, त्या आईच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, मी पण एका मुलीची आई आहे, विचार केला तरी जीव घाबरा होतो.

मी आदर्श म्हणून त्यांना पुढे ठेवतच नाहीये काकू. व्यसनाने त्यांचं नुकसान झालं, त्यांच्या माणसांचं झालं, आणि आपल्या प्रेक्षकांचं पण झालं, कारण ५५ वर्षं हे काही नटाचं जायचं वय नाही. २ मार्च १९८६ ला अमरावतीला ते गेले, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. हे सगळं सांगूनच मी कौतुक करते. माझं म्हणणं एवढंच, की वाईट लपवून मोठं करायचं नाही आणि वाईटापायी मोठं पुसायचं पण नाही. आणि एक अजून, पत्रात तुम्ही कांचनताईंना 'ती दुसरी' असं लिहिलंयत. ते तेवढं नको. डॉ. इरावती असोत, कांचनताई असोत की सुलोचनादीदी, तिघींनी आपापल्या परीने सोसलंय आणि तिघी आपापल्या कामाच्या बायका. दीदी ४ जून २०२३ ला गेल्या, पद्मश्री, महाराष्ट्र भूषण मिळालेली बाई. त्यांच्याबद्दल बोलताना आपण आवाज खाली ठेवूया.

प्रश्न: ताईनू, माझी आजी इचारता, घाणेकरान आपल्या कोकणातल्या माणसाचा काम नाटकात कधी केल्यान काय? (कुडाळ)

केल्यान रे बाबा, आणि कसला केल्यान! आजीला माझा नमस्कार सांग. 'गारंबीचा बापू'. श्री. ना. पेंडशांची कादंबरी १९५२ ची, पेंडसे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, त्यांनीच पुढे त्याचं नाटक केलं आणि त्यात बापू म्हणजे घाणेकर. बापू कोण, तर गावाने ओवाळून टाकलेला, हट्टी, कोणाला न जुमानणारा, आणि राधेवर जीव टाकणारा माणूस. गाव नावं ठेवतं आणि त्याच गावाला शेवटी त्याच्याकडे बघावं लागतं.

मला वाटतं संभाजी, लाल्या, बापू ही तीन माणसं एकाच मुशीतली आहेत. घरादाराला नकोशी झालेली, तोंडाने फटकळ आणि आत मायेला भुकेली. घाणेकर हे तिन्ही एवढे उत्तम का करू शकले त्याचं उत्तर त्यांच्या स्वभावात असणार. आणि बापू करायला तर त्यांना कुठे लांब जायची गरज नव्हती. सुपारीच्या आगरातून पायवाटेने जाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात पण बोलायला लागला की सगळ्यांची सालं काढणारा असा एक तरी माणूस आपल्या प्रत्येक वाडीत असतो, चिपळूणात वाढलेल्या माणसाने तो बघितलेलाच असणार.

प्रश्न: त्यांचे कोणते सिनेमे बघावेत? (रत्नागिरी, दापोली, अलिबाग, अशा बऱ्याच जणांचा)

सगळ्यात आधी 'हा खेळ सावल्यांचा', १९७६, दिग्दर्शक वसंत जोगळेकर, सोबत आशा काळे. भुताखेताची भीती आणि मनाचा आजार यांची गोष्ट, आपल्याकडे अजून 'लागिर झालं' म्हणून मुलींना देवस्कीला नेतात त्यांनी तर बघावाच. संगीत हृदयनाथ मंगेशकर, गीतं सुधीर मोघे. 'रात्रीस खेळ चाले' आणि 'गोमू संगतीनं माझ्या तू येशील काय'. हे दुसरं गाणं हेमंतकुमार आणि आशाबाईंच्या आवाजात, ते वाजलं नाही असं कोकणातलं एक लग्न दाखवा मला! गोमू म्हटलं की आपल्याला शिमग्यातली गोमू आठवते, लुगडं नेसून संकासुराबरोबर घरोघर नाचणारी, म्हणून असेल पण ते गाणं आपलंच वाटतं.

मग 'मधुचंद्र', राजदत्त यांचा पहिला सिनेमा, सोबत उमा भेंडे, संगीत एन. दत्ता. 'मधु इथे अन् चंद्र तिथे' त्यातलं. हलकाफुलका आहे, घाणेकर हसताना किती गोड दिसायचे ते बघायला बघा. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' बऱ्याच जणांनी लिहिलाय, तो १९६४ चा, आणि 'पडछाया', १९६५. भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. 'एकटी' वर सांगितलाच.

आणि हिंदीत 'दादी माँ', १९६६. 'उसको नहीं देखा हमने कभी' हे मन्ना डे आणि महेंद्र कपूर यांचं गाणं दर मातृदिनाला सगळे स्टेटसला ठेवतात ना, त्यात जे दोन मुलगे आहेत त्यातला एक आपले चिपळूणचे डॉक्टर. किती जणांना माहीत होतं? मला वयाच्या चाळिशीत कळलं आणि मी ते गाणं त्या दिवशी लागोपाठ सहा वेळा बघितलं, परत परत त्यांच्यावर थांबवून.

प्रश्न: घाणेकर मोठे की डॉ. लागू मोठे? (महाड)

हा वाद आमच्या पडवीत पण व्हायचा, आणि आई शेवटी चहा आणून मिटवायची. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले, १९७० ला 'नटसम्राट' केलं आणि लोकांची नट बघायची नजरच बदलली. लागूंकडे बघून प्रेक्षक गप्प व्हायचे, घाणेकरांकडे बघून उसळायचे. दोन्ही लागतं. मला विचाराल तर विचार करायला लागू, जीव लावायला घाणेकर.

प्रश्न: आमच्या वाडीच्या मंडळाला यंदा गणपतीत 'रायगडाला जेव्हा जाग येते' बसवायचंय. परवानगी लागते का? गावात कोण बघतंय असं काहीजण म्हणतात. (संगमेश्वर)

घ्यावीच. आणि 'गावात कोण बघतंय' हे म्हणू नका दादा, ज्याच्या शब्दांवर आपण टाळ्या घेणार त्याला विचारायचं नाही हे आपल्याला शोभत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. कानेटकर गेले २००० साली, म्हणजे २०६० पर्यंत ते हक्क आहेतच. नाटकाचं छापील पुस्तक आणा, सुरुवातीच्या पानांवर प्रयोगाची परवानगी कोणाकडे मागायची ते बहुतेक दिलेलं असतं. त्यांना पत्र लिहा, साफ सांगा की गावातला हौशी प्रयोग आहे, तिकीट नाही, आणि मानधन किती ते विचारा. दुसरं म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, राज्य सरकारचं, त्यांचं प्रमाणपत्र लागतं. हे सगळं आषाढातच सुरू करा, श्रावण लागला की भाताची बेणणी आणि सणवार, मग कोणाला वेळ नसतो.

आणि संभाजी कोणाला देताय? आवाज मोठा आहे म्हणून देऊ नका. ज्याचं बापाशी पटत नाही त्या पोराला द्या आणि तालमीला त्याच्या बापाला समोर बसवू नका, थेट प्रयोगालाच बसवा.

प्रश्न: हर्णैहून एक आजोबा, वय ८४: मी मुंबईला गोदीत होतो. 'रायगडाला' आणि 'अश्रूंची' दोन्ही बघितली आहेत, डॉक्टरांच्या कामाची. त्यांच्या नाटकांचं चित्रीकरण कुठे बघायला मिळेल का? मरायच्या आधी एकदा परत बघायचं आहे.

आजोबा, तुमचं पोस्टकार्ड मी टेबलावर काचेखाली ठेवलंय.

त्या काळी नाटक चित्रित करून ठेवायची रीतच नव्हती. सिनेमे आहेत, गाणी आहेत, फोटो आहेत, पण शिवाजी मंदिरच्या त्या रंगमंचावर उभा राहिलेला तो लाल्या तुम्हाला हवा आहे तसा दाखवणं माझ्या हातात नाही. २०१९ ला सुबोध भाव्यांनी 'अश्रूंची' परत रंगमंचावर आणलं, ठाण्याला घाणेकरांच्या नावाचं मोठं नाट्यगृह आहे, हे सगळं चांगलंच आहे, पण तुम्ही बघितलंत ते तुमच्याच डोळ्यात आहे.

माझ्या बाबांची एक वही होती. चौरेघी, शाळेची. त्यात ते नाटकाच्या जाहिराती कापून चिकटवायचे, खळीने, आईने मैद्याची करून दिलेली. प्रत्येक जाहिरातीखाली शिसपेन्सिलीने तारीख आणि कोणाबरोबर गेलो ते. बाबा गेल्यावर ती वही मी माझ्याकडे चिपळूणला आणली आणि कपाटात खालच्या खणात ठेवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, माणसं वाचली. तिसऱ्या दिवशी चिखल काढताना वही सापडली, तर पानं होती पण पानांवर काही नव्हतं. खळ सुटली होती, कात्रणं वाहून गेली होती. पेन्सिलीची अक्षरं मात्र तशीच, शाई फुटते पण शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही हे मला त्या दिवशी कळलं. रिकाम्या चौकटी आणि खाली बाबांच्या हातचं, 'पाळी संपवून गेलो', 'दादूस बरोबर', 'उभ्याने पाहिले'. बाबा असताना मी त्यांना एकदाही बसवून विचारलं नाही की उभ्याने काय काय पाहिलंत.

म्हणून आजोबा, माझी एक विनंती आहे. पत्रात तुम्ही लिहिलंयत की नातू मासेमारीच्या बंदीत घरीच असतो. त्याला सांगा मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करायला आणि बोलत बसा. गोदीतून सुटून दादरला कसे जायचात, तिकिटाला किती पडायचे, कुठे बसलात, पडदा वर गेला तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं, डॉक्टर आले तेव्हा आधी आवाज आला की आधी माणूस दिसला, लोक कुठे ओरडले, तुम्ही ओरडलात का. आठवेल तसं बोला, मागेपुढे झालं तरी चालेल. ज्याने ज्याने त्यांना रंगमंचावर बघितलंय त्या सगळ्यांनाच माझं हे सांगणं आहे. तुमचं बोलणं मी इथे जसंच्या तसं छापेन, तुमच्याच भाषेत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि जमलं तर नारळी पौर्णिमेच्या आधी मी स्वतः हर्णैला येते. लाल्याचं ते खांबाला टेकणं खरंच तसं होतं, की बाबांच्या पदरचं, ते मला तुमच्याकडून बघायचंय.